सहा म्हणजे सहा

खानदेशात संगणकयुग कोणी आणलं, याबद्दल इतिहासात दुमत नाही. ते प्रा. बी. डब्ल्यू. वाघुळदे यांनी आणलं. दुमत नसण्याचं कारण एवढंच, की हा इतिहास एकाच ठिकाणी नोंदलेला आहे, त्यांच्या संस्थेच्या माहितीपत्रकात. आणि ते माहितीपत्रक त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिलं होतं.

मी तेव्हा जळगावात एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत असे. सरांना 'भारदस्त मराठी' लिहिणारा माणूस हवा होता. भारदस्त म्हणजे ज्यात 'ज्ञानगंगा', 'क्षितिज' आणि 'अग्रगण्य' हे शब्द एकाच वाक्यात येतात असं. नावाआधीचं 'प्रा.' पाहून मी विचारलं, "सर, आपण कुठल्या कॉलेजात होता?"

"संस्था कोणाची आहे?" सरांनी उलट विचारलं.

"आपली."

"मग मी काय विद्यार्थी आहे का?"

मी पेन उचललं. 'प्रा.' राहिलं.

संस्था म्हणजे पूर्वीचा टायपिंग क्लास. दारावरची पाटी सरांनी पेंटरकडून जुन्या अक्षरांवरूनच रंगवून घेतली होती. खालची खरवडायला पेंटर जास्त पैसे मागत होता म्हणून. त्यामुळे संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की 'वाघुळदे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी'च्या पोटातून 'मराठी-इंग्रजी टायपिंग, वेग ३० व ४०' ही अक्षरं वर येत. संस्थेबद्दलची सगळ्यात विश्वासार्ह माहिती त्या वेळी आणि तेवढीच मिळे.

आत तीन संगणक होते आणि विद्यार्थी वर्गात मावतील तेवढे. यावर सरांनी टायपिंगवाल्याच्या बुद्धीने तोडगा काढला होता. त्यांनी पुठ्ठ्यावर कळफलक छापून घेतले होते. पहिले दोन महिने विद्यार्थ्यांनी त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. पंचवीस-तीस पोरं मान खाली घालून पुठ्ठा बडवताहेत आणि सर मधून फिरताहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, बरोबर टाइप झालं की नाही हे कसं कळणार?"

"तुझ्या मनाला विचार," सर म्हणाले.

संगणकाबद्दल ते आदरार्थी बोलत. "आज ते जरा तापलेत." "त्यांना विश्रांती घेऊ द्या." खोलीत चप्पल घालून जायचं नाही. प्रत्येक मॉनिटरवर वाघुळदे वहिनींनी विणलेलं लोकरीचं आच्छादन. सर्व्हरसाठी वेगळी काचेची खोली, आणि जळगावच्या उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीत फक्त तिथेच एसी. सर रोज दुपारी जेवण झाल्यावर 'सर्व्हरच्या देखभालीसाठी' त्या खोलीत जात. देखभाल चार वाजेपर्यंत चाले. बाहेर ऐकू येई.

सफारीच्या खिशात दोन पेनं आणि त्यांच्याशेजारी एक फ्लॉपी, हा त्यांचा वेश. लग्नकार्यातसुद्धा ती फ्लॉपी खिशात असे. तिच्यात काय आहे हे कोणी विचारलं, तर "सगळं" असं उत्तर मिळे. 'संगणकमहर्षी' ही पदवी त्यांना एका जाहीर सत्कारात मिळाली होती. सत्कार समितीचा पत्ता संस्थेचाच होता, आणि शाल वहिनींनी आधी दोन दिवस घरी धुऊन ठेवली होती. नवी शाल कडक असते, खांद्यावर नीट बसत नाही, असं सरांचं मत होतं.

त्यांचं एक वाक्य मात्र सगळ्या जळगावला पाठ झालं होतं. फीची पावती चुकली, निकालात मुलगा नापासाऐवजी पास झाला, लाइट गेले, काहीही झालं तरी सर डोळे मिटून म्हणत, "संगणक चुकत नाही. माणूस चुकतो." त्या माणसांत स्वतः सर कधीच नसत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सरांनी वेबसाइट काढली. आमच्या समाजाचा दर वर्षी धुळ्यात वधू-वर परिचय मेळावा भरे. त्यासाठी एक जाडजूड पुस्तिका छापत: नाव, गाव, उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं कूळ. लोक ती पुस्तिका वर्षभर जपून ठेवत. नंतर तिची पानं वह्यांना कव्हर म्हणूनही लावत. सरांनी मेळाव्याच्या समितीला पटवलं, की जग कुठे चाललंय आणि आपण अजून छापतोय. सगळी स्थळं वेबसाइटवर येतील, मेळाव्यात पडद्यावर बघा. छपाईचा खर्च वाचतोय म्हटल्यावर समितीला जग कुठे चाललंय ते चटकन कळलं. त्या वर्षी पुस्तिका छापायची नाही असं ठरलं.

वेबसाइट ज्याने लिहिली तो मुलगा लगेच पुण्याला नोकरीला निघून गेला. त्याच्या जागी मीनल आली. भुसावळची, बीएस्सी झालेली, तोंडाने फटकळ. सरांना 'सर' म्हणताना तिच्या आवाजात जे असे ते पकडण्याइतकं सरांचं लक्ष दुसऱ्याच्या बोलण्याकडे नसे, म्हणून तिची नोकरी टिकली.

वेबसाइटची पानं सर्व्हरवर पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेली होती. तिची दुसरी आवृत्ती चालू होती. मेळाव्याच्या तोंडावर सरांना कुठल्याशा मासिकात वाचायला मिळालं, की तिसरी आवृत्ती आली आहे. झालं. धुळ्याच्या व्यासपीठावरून 'तिसऱ्या आवृत्तीचा शुभारंभ' झालाच पाहिजे. निमंत्रणपत्रिकेत तसं छापायलाही सांगितलं. मजकूर अर्थातच माझा.

"सर, नवी आवृत्ती टाकता येईल," मीनल म्हणाली, "पण जुनी पानं तिच्यात तशीच चालतील असं नाही. काही नियम बदललेत. एकेक पान उघडून बघावं लागेल."

"मीनल," सर पंख्याकडे बघत म्हणाले, "घरात नवी सून येते. ती जुन्या माणसांना सांभाळून घेते की नाही?"

"सर, ही सून घराचे नियमच बदलून आलीये."

"सांभाळून घेते," सर म्हणाले.

मग पंचांग आलं. नव्या आवृत्तीला मुहूर्त हवा होता आणि तो नेमका दोनच दिवसांनी निघाला. मीनलने त्या दोन दिवसांत जमेल तेवढी पानं तपासली. बरीच पानं उघडताक्षणी चूक दाखवून थांबत होती. ती तिने दुरुस्त केली. मुहूर्ताच्या सकाळी ती मला म्हणाली, "बोंबलणाऱ्या चुका सापडल्या. गप्प बसणाऱ्या अजून शोधायच्यात."

तेवढ्यात गुरुजी आले. सर्व्हरला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फुटला आणि त्याचं थोडं पाणी कळफलकावर उडालं. एक कळ दाबून सरांनी नवी आवृत्ती चालू केली. कुठली कळ ते मीनलने बोट ठेवून दाखवलं. पहिलं पान उघडलं. टाळ्या झाल्या. मीनल पुढची पानं बघायला खुर्चीकडे वळली तर सर मध्ये आले.

"आता हात लावायचा नाही. पूजा झालेली आहे."

"सर, अजून निम्मी पानं..."

"विसर्जनाआधी गणपतीला कोणी हलवतं का?"

आता ती पानं मेळाव्यातच उघडायची होती. सर्व्हरला गोधडीत गुंडाळून मारुती व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. सर मागे आमच्याबरोबर दाटीने बसले. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढची सीट दिल्याचं मला आठवत नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, प्रत्येक खड्ड्याला सर ड्रायव्हरच्या अंगावर ओरडत होते आणि मीनल खिडकीबाहेर बघत होती.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा पिंप्राळ्यात माझ्या शेजारी राहत. मूळचे चाळीसगावकडचे, बोलणं अस्सल अहिराणी, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच रिटायर झाले होते. त्यांची मुलगी लता शाळेत खेळ शिकवायची. व्हॉलीबॉल खेळलेली, हुशार, हसरी आणि पाच फूट नऊ इंच. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं लोकांना चालत होतं. आमच्या समाजात मुलगा मुलीपेक्षा उंच पाहिजे, हा नियम कुंडलीपेक्षा कडक. चार-पाच ठिकाणी चहा-पोहे झाले. दर वेळी लता उभी राहिली की समोरच्या मंडळींची मान वर जायची आणि बोलणं संपायचं. शेवटी लता म्हणाली होती, "आबा, धुळ्याचा मेळावा शेवटचा. तिथे नाही जमलं तर हा विषय बंद."  पुस्तिका नाही म्हटल्यावर आबा मेळाव्याच्या दिवशी पहाटेच्याच गाडीने धुळ्याला जाऊन पडद्यापुढच्या रांगेत सगळ्यात पुढे उभे राहिले.

व्यासपीठावर शुभारंभ झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, त्यामुळे मी माइकला अडकलो होतो. खाली हॉलमध्ये पडदे उजळले आणि पाचच मिनिटांत गलका सुरू झाला.

पडद्यावर सगळ्या मुलांचं नाव शून्य होतं. मुलींचंही. आणि उंची कोणाची नऊ, कोणाची अकरा, कोणाची तेरा.

याचं कारण मीनलने मला पुढच्या आठवड्यात सांगितलं, पण ते इथेच सांगून टाकतो. जुन्या आवृत्तीत दोन शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते शब्द एकमेकांना जोडले जात. पुण्याला गेलेल्या मुलाने नाव आणि आडनाव तसं जोडलं होतं. उंचीचे फूट आणि इंचही तसेच जोडले होते. नव्या आवृत्तीत तेच चिन्ह जोडत नाही, बेरीज करतं. नाव अधिक आडनाव, ही बेरीज करायला यंत्राला आकडाच सापडला नाही, म्हणून शून्य. पाच फूट अधिक चार इंच, नऊ. कुठलीही चूक दाखवली जात नव्हती, कारण यंत्राच्या दृष्टीने बेरीज बरोबरच होती. ही ती गप्प बसणारी चूक.

मीनलला खुर्चीत बसल्या बसल्या ते कळलं. ती सरांकडे धावली. "सर, जरा वेळ बंद करू द्या. एकाच चिन्हाचं काम आहे."

"भरल्या मांडवात बंद?" सर दातांवर दात ठेवून म्हणाले. "अपशकुन करायचाय?"

आणि त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. समाजबांधवांनी गोंधळून जाऊ नये, ते म्हणाले. नावं गोपनीयतेसाठी झाकलेली आहेत, परदेशात असंच असतं. स्थळ क्रमांकाने ओळखावं. आणि उंचीच्या जागी दिसतो तो उंचीचा निर्देशांक आहे. फूट आणि इंच आता जगात कोणी वापरत नाही.

समोरच्या दीड-दोन हजार माणसांपैकी प्रत्येकाची उंची फूट-इंचातच होती, पण निर्देशांक या शब्दापुढे कोणी बोललं नाही. शब्द कळला नाही की गप्प बसणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी सवय आहे. लोक वहीच्या पानांवर क्रमांक उतरवून घेऊ लागले.

गप्प बसले नाहीत ते आबा. ते थेट व्यासपीठाच्या पायरीपाशी आले.

"सर, हाई काय शे? मनी लता चौदा फूटनी? आधीच तिनी उंची आडी येस, त्यात तुम्ही ताडनं झाड करी टाकं!"

"तो निर्देशांक आहे, आबा."

"बठ्ठा पोरे नऊ-दहा फूटना. एकच माणूस मन्हा ध्यानमा ऊना." आबांनी सगळ्यांत लक्षात भरलेल्या त्या एकाच स्थळाचा कागद पुढे केला. त्यावर एक क्रमांक, 'धुळे, देवपूर', एक फोन नंबर आणि उंचीपुढे सहा. "हाऊ सहा. सहा म्हंजे सहाच ना?"

सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "सहा म्हणजे सहा," ते म्हणाले. "संगणक चुकत नाही."

आबांचा चेहरा असा उजळला की मला व्यासपीठावरून दिसला.

पुढच्या रविवारी आबांनी मला पकडलं. "भाऊ, तू मनासंगे चाल. पोरगा सहा फूट शे." फोनवर बोलणं झालं होतं. मुलाचं नाव दिनेश, धुळ्यात पाटबंधारे खात्यात नोकरी, घरी आई. मी विचारलं, उंचीचं बोलणं झालं का? आबा म्हणाले, तो विषय आपण कशाला काढायचा? आपलीच बाजू उंच. तेही खरं होतं. एसटीत लता खिडकीपाशी बसली होती. ती पूर्ण रस्ताभर एकदाच बोलली. "आबा, सहा फूट असला तरी माणूस कसा आहे ते मी बघणार."

"बघ ना," आबा म्हणाले. "वर बघनं पडी, पहिल्यांदाच."

देवपूरच्या घराचं दार उघडलं. समोर कोणी दिसलं नाही. मग आम्ही नजर खाली आणली.

पाच फूट एक इंच. मीनलने पुढे मला ते गणित करूनही दाखवलं, पण दारातच मला ते सुटलं होतं. पाच आणि एक, सहा.

आबा उंबऱ्यातच थबकले. त्यांनी खिशातून तो कागद काढला, वाचला आणि पुन्हा ठेवला. दिनेश मान वर करून लताकडे बघत होता.  

"तुम्हाला माझी उंची दिसली नव्हती का पडद्यावर?" शेवटी लतानेच विचारलं.

"दिसली होती," दिनेश म्हणाला. "चौदा. म्हटलं, चौदा फुटांची मुलगी स्वतःहून घरी येतेय तर सोडू नये. परत कधी दिसायची?"

लता हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसतात तसं नाही. दाराची चौकट धरून हसली. दिनेशची आई पाणी घेऊन बाहेर आली ती तशीच उभी राहिली. आबा मला कोपराने ढोसून म्हणाले, "भाऊ, चाल, जाऊत." पण लता चप्पल काढून आत गेली होती.

परतीच्या एसटीत आबांनी तिला समजावून सांगितलं. लोक काय म्हणतील, फोटो कसे दिसतील, आपला नियम काय आहे. लता म्हणाली, "आबा, आजवर जे आले ते माझी उंची पाहून गप्प झाले. हा पहिला, जो बोलला." पारोळ्यापर्यंत आबा तो कागद उलटसुलट करून पाहत होते. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून तिघांसाठी चहा आणला. त्यावरून मी ओळखलं.

मेळाव्यानंतर बाकी लोकांचं काय झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. बरीच मंडळी चुकीच्या दारांत जाऊन पोहे खाऊन आली. समितीने पुढच्या वर्षी मुकाट्याने पुस्तिका छापली. मीनलने अधिकच्या चिन्हांच्या जागी नव्या आवृत्तीत शब्द जोडणारी टिंबं टाकली, नावं परत आणली, आणि महिन्याभरात नाशिकला नोकरी धरून निघून गेली. जाताना तिने सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी तिला आशीर्वाद म्हणून एक पुठ्ठ्याचा कळफलक दिला.

सरांनी मात्र एवढ्यातून नेमकी एकच गोष्ट उचलली. आबांच्या लताचं जमलं, हे कानावर येताच ते मला बोलवायला स्वतः स्कूटरवर आले. माहितीपत्रकाची नवी आवृत्ती काढायची होती. त्यात पहिल्याच पानावर घालायचं होतं, 'खानदेशातील संगणकाने जुळवलेला पहिला विवाह'.

मी म्हटलं, "सर, तो चुकीमुळे जमला."

"कोणाच्या?"

"बेरजेच्या."

"बेरीज कुठे चुकली होती?" सर शांतपणे म्हणाले. "पाच आणि एक सहाच होतात ना?"

इतकी वर्षं मी त्यांच्या या उत्तराकडे कौतुकाने पाहत आलो आहे. आयुष्यात एकदाच त्यांनी बिनचूक विधान केलं, आणि तेही आपली चूक लपवायला.

ते लग्न जळगावात एका मंगल कार्यालयात झालं. मी सरांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. नंतर माझी बदली झाली आणि आमचा संबंध उरला नाही. सर बोलावणं नसताना आले होते. सफारी, दोन पेनं, फ्लॉपी. अक्षता वाटून झाल्या होत्या, गुरुजी अंतरपाट धरायला सांगत होते, तेवढ्यात सर व्यासपीठावर चढले आणि बँडवाल्याचा माइक त्यांनी मागून घेतला. समाजाला दोन शब्द सांगायचे होते. ते ज्ञानगंगेपासून सुरू झाले, मधे क्षितिज आलं, आणि शेवटी डोळे मिटून, हात आकाशाकडे करून त्यांनी समारोप केला: एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही जोडी विज्ञानाने जुळवलेली आहे, दोघं एकमेकांना सर्वार्थाने अनुरूप आहेत, कारण माणूस चुकतो, संगणक चुकत नाही.

त्यांच्या मागे नवरदेव एकावर एक ठेवलेल्या चार पाटांवर उभा होता.